आजीच्या ओव्या बंद पडलेल्या पीसीतून परत मिळाल्या: लिनक्स मिंट, डीडीरेस्क्यू आणि फोटोरेकचा रिव्ह्यू

रिव्ह्यू मोठा आहे. तुमचा पीसी आत्ता चालू होत नाहीये आणि तुम्ही घाईत असाल तर एवढंच करा, पॉवर बंद करा, कुणालाही फॉरमॅट मारू देऊ नका, विंडोज परत टाकू देऊ नका, आणि मग निवांत बसून खालचं वाचा.

आमच्या गावाकडच्या घरी, सातारा जिल्ह्यात, बाबांचा एक असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, २०११ साली घेतलेला, विंडोज ७, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. बाबा शाळेतून रिटायर झाले तेव्हापासून त्याच्यावर रोज सकाळी बसतात. आजी जात्यावर बसून ज्या ओव्या म्हणायची त्या त्यांनी २००९ ते २०१२ मध्ये नोकियाच्या साध्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या आणि पीसी आल्यावर सगळ्या त्यात टाकल्या, शिवाय ऐकून ऐकून श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाईपही केल्या. आजी २०१५ मध्ये गेली. ओव्या छापील पुस्तकात हजारोंनी मिळतील पण आजीचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही, तो फोन कधीच मोडीत गेला, आणि कॉपी फक्त त्या एका पीसीत. आता कुणी म्हणेल बॅकअप का नाही घेतला, तर नव्हता घेतला, आमच्यासारखी हजार घरं आहेत जिथे घरातली सगळ्यात जपून ठेवायची गोष्ट एकाच डिस्कवर पडलेली आहे.

तर एक दिवस बाबांचा फोन आला, "अगं पीसी चालूच होईना." विंडोजचा लोगो यायचा, एक सेकंद निळा स्क्रीन चमकून जायचा आणि परत पहिल्यापासून. रिपेअरचा ऑप्शन आपोआप आला तो तीन तास फिरत राहिला. मग बाबांनी तालुक्याच्या गावातल्या एका दुकानात नेला. नाव सांगणार नाही, कारण हे उत्तर तुम्हाला दहापैकी आठ दुकानांत मिळेल. तिथला मुलगा म्हणाला, काका, विंडोज उडालंय, फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो, काळजी करू नका, फक्त सी ड्राइव्ह जाईल, डी ला धक्का लागत नाही.

इथे जरा थांबते, कारण हे वाक्य फार धोक्याचं आहे. डी ला धक्का लागत नाही हे बरोबर आहे (पार्टिशन, म्हणजे डिस्कचा कप्पा, नीट निवडलं असेल तर), पण तुमच्या आईवडिलांच्या फाइल्स कुठे असतात? डेस्कटॉपवर. आणि माय डॉक्युमेंट्समध्ये. हे दोन्ही सी ड्राइव्हमध्येच असतात, यूझर्स नावाच्या फोल्डरच्या आत. बाबांना डी ड्राइव्ह काय असतो हेच माहीत नाही, त्यांनी सगळं डेस्कटॉपवर 'ओव्या' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं. नशीब त्यांनी तिथे "मुलीला विचारून सांगतो" म्हटलं आणि पीसी रिक्षात घालून घरी परत आणला.

मी पुण्यात असते, आयटीत नाही, अकाउंट्सला आहे. पण ऑफिसमध्ये एकदा एका सहकाऱ्याने बंद लॅपटॉप पेनड्राइव्हवरून चालू करून फाइल्स काढताना बघितलं होतं, तेवढीच काय ती माहिती. त्याला फोन केला, त्याने तीन नावं सांगितली, तीच या रिव्ह्यूमधली तीन. तिन्ही फुकट आहेत, ट्रायल बियल भानगड नाही.

पहिलं, लिनक्स मिंट

कल्पना साधी आहे. पीसी चालू होत नाही म्हणजे बऱ्याचदा विंडोज चालू होत नाही. फाइल्स डिस्कवर जागच्या जागी असतात. मग विंडोजला बाजूला ठेवून पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टीम चालू करायची आणि तिच्यातून डिस्क उघडून बघायची, झालं. मिंट ही तशीच एक दुसरी सिस्टीम, २००६ पासून आहे, दिसायला विंडोजसारखंच, खाली डावीकडे मेनू, फोल्डर डबल क्लिक केलं की उघडतं, त्यामुळे माझ्यासारखीला अडलं नाही. जुन्या मशीनसाठी मी त्यातलं एक्सएफसीई वालं हलकं व्हर्जन घेतलं, जवळपास ३ जीबीची फाइल आहे, ती पुण्यातच वायफायवर उतरवून माझ्या लॅपटॉपवर रुफस नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकली. रुफस पेनड्राइव्ह पूर्ण पुसतं हे लक्षात ठेवा, भाच्याच्या बारशाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह त्यासाठी घेऊ नका.

शनिवारी सकाळी स्वारगेटवरून एसटी धरली, दुपारी घरी. पेनड्राइव्ह लावला, पीसी चालू करताना एफ१२ दाबत राहिले तर बूट मेनू आला. प्रत्येक कंपनीचं बटण वेगळं असतं हो, डेल आणि लेनोव्होला साधारण एफ१२, एचपीला एफ९, एसूसच्या लॅपटॉपला एस्केप, आणि असेंबल्डमध्ये मदरबोर्ड कुणाचा त्यावर, गिगाबाइट एफ१२, एमएसआय एफ११, एसूस एफ८. मेनूत पेनड्राइव्ह निवडला आणि दोनेक मिनिटांत हिरवट रंगाचा डेस्कटॉप समोर. बाबा मागे उभे होते, म्हणाले हे तर चालू झालं की! म्हटलं बाबा थांबा अजून.

महत्त्वाचं, त्या डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं एक चिन्ह असतं. त्याला हात लावायचा नाही. तेवढं सोडून बाकी कुठेही फिरा, पेनड्राइव्हवरून चालताना मिंट तुमच्या डिस्कवर आपणहून काही लिहीत नाही.

फाइल मॅनेजर उघडला तर डावीकडे डिस्क दिसली. सी आणि डी अशी नावं नसतात तिथे, नुसतं अमुक जीबी व्हॉल्युम असं लिहिलेलं असतं, त्यामुळे साईझवरून ओळखायचं. उघडलं, यूझर्स, मग बाबांच्या नावाचा फोल्डर, मग डेस्कटॉप. सगळं होतं! विंडोजचा पासवर्डही विचारला नाही. (म्हणजे काय ते समजून घ्या, कुणाच्याही हातात तुमचा पीसी आणि एक पेनड्राइव्ह असेल आणि डिस्कला वेगळं कुलूप नसेल तर तो सगळं बघू शकतो, दुकानात मशीन ठेवून येताना हे डोक्यात असू द्या.) मी सोबत एक नवीन १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क नेली होती, तिच्यावर आधी लग्नाचे आणि घरभरणीचे फोटो कॉपी केले, वीसेक जीबी, काही त्रास नाही. डिस्क धडधाकट असती तर रिव्ह्यू इथेच संपला असता, आणि बहुतेकांचा इथेच संपेल.

आमचा नाही संपला. 'ओव्या' फोल्डर कॉपीला लावला आणि काही फाइल्सनंतर स्पीड शून्य, आतून कट् कट् कट् असा आवाज, मग इनपुट आउटपुट एररचा मेसेज. फोल्डर परत उघडला तर अर्ध्या फाइल्स यादीतच दिसेनात. माझ्या हातापायातलं बळ गेलं खरं सांगते. सहकाऱ्याला फोन केला, तो म्हणाला पहिल्यांदा कॉपी थांबव, मिंटमध्ये डिस्क्स नावाचं अॅप आहे, त्यात स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कची तब्येत, बघ. बघितलं तर 'पेंडिंग सेक्टर' वाल्या ओळीपुढे भला मोठा आकडा. म्हणजे डिस्कचे काही तुकडे वाचलेच जात नाहीयेत आणि विंडोजही त्यामुळेच बंद पडलं होतं. विचार करा, दुकानातल्या मुलाने याच मरायला टेकलेल्या डिस्कवर फॉरमॅट मारून नवीन विंडोज लिहिलं असतं तर. नेमका आजीचा आवाज असलेल्या जागेवर विंडोजच्या फाइल्स बसल्या असत्या, आणि महिन्याभरात ते विंडोजही बंद पडलं असतं.

विंडोजचा चेकडिस्क पण चालवू नका अशा वेळी. तो फाइल्स वाचवण्यासाठी नसतो, फाइल सिस्टीमची मांडणी जुळवण्यासाठी असतो, आणि त्या नादात जे तुटकं दिसेल ते कापून टाकतो, ते पण त्याच आजारी डिस्कवर. आधी कॉपी, मग रिपेअर, हा क्रम.

दुसरं, डीडीरेस्क्यू

या रिव्ह्यूमधलं माझं सगळ्यात आवडतं हेच, आणि दिसायला सगळ्यात रुक्ष. ग्नू नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमधलं, आंतोनियो दियाझ दियाझ नावाच्या माणसाने लिहिलेलं. खिडकी नाही, बटणं नाहीत, काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाईप करायची आणि आकडे बघत बसायचं. मिंटमध्ये आधीपासून नसतं, फोनवरून यूएसबी टेदरिंगने नेट दिलं आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घातलं, तिथे नाव 'जीडीडीरेस्क्यू' असं आहे, पुढे एक जी जास्त. नुसतं डीडीरेस्क्यू किंवा डीडी-रेस्क्यू शोधलं तर तशाच नावाचं दुसरं काहीतरी हाती लागू शकतं, तर बघून घ्या.

हे करतं काय तर फाइल्सच्या भानगडीत पडतच नाही, अख्खी डिस्क पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत जशीच्या तशी एका मोठ्या फाइलमध्ये उतरवून घेतं. आणि त्याची हुशारी अशी की खराब जागा आली की तिथे डोकं आपटत बसत नाही, ती जागा वहीत नोंदवून पुढे उडी मारतं, आधी चांगलं चांगलं सगळं काढून घेतं, आणि मग शेवटी सुटलेल्या जागांकडे परत येऊन कडेकडेने कुरतडत जेवढं मिळेल तेवढं काढतं. मरायला टेकलेल्या डिस्कसाठी हे फार महत्त्वाचं आहे कारण ती किती तास अजून टिकेल याचा भरवसा नसतो, साधी कॉपी पेस्ट पहिल्याच खराब फाइलवर अडून बसते आणि तेवढ्यात चांगल्या फाइल्सची वेळ निघून जाते.

ती जी वही म्हटली तिला मॅपफाइल म्हणतात. ओळ टाईप करताना तिचं नाव द्यायचं विसरू नका आणि ती एक्स्टर्नल डिस्कवरच ठेवा, कारण पेनड्राइव्हवरून चालणारं मिंट बंद झालं की सगळं विसरतं, त्यात सेव्ह केलेलं काहीच राहत नाही. आम्हाला याचा फायदा त्याच रात्री झाला. संध्याकाळी सातला लावलं, नऊच्या सुमारास लाईट गेली. आमच्याकडे इन्व्हर्टर पंखे आणि दिव्यांना आहे, पीसीला नाही. मला वाटलं आता परत शून्यापासून. लाईट आल्यावर परत मिंट चालू केलं, परत डीडीरेस्क्यू घातलं (ते पण विसरलेलं असतं ना), तीच ओळ तीच मॅपफाइल देऊन टाईप केली आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. पहाटे परत एकदा लाईट गेली, परत तेच. ज्याने हे लिहिलं त्याला आमच्या गावची लाईट माहीत असणार असंच मला वाटलं.

तीन गोष्टी इथे चुकू शकतात म्हणून सांगते. पहिली, कुठून आणि कुठे हे उलटं टाईप झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल आणि संपलं सगळं. मी टाईप केलं आणि एंटर मारायच्या आधी बाबांना मोठ्याने वाचायला लावलं, डिस्क्स अॅपमध्ये ५०० वाली कोणती आणि १ टीबी वाली कोणती ते नावासकट जुळवून, दोनदा. दुसरी, ज्याच्यावर उतरवायचं ती डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी हवी, कारण रिकामी जागा पण कॉपी होते, ५०० जीबीच्या डिस्कला ५०० जीबीच लागणार, तिच्यात डेटा ४० जीबी का असेना. तिसरी, एक्स्टर्नल डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाइल तिच्यावर मावत नाही, एक्सफॅट किंवा एनटीएफएस असू द्या.

जुना पीसी, यूएसबी २, त्यात मध्ये दोनदा लाईट, रविवारी सकाळी आठ वाजता मुख्य कॉपी झाली आणि दुपारपर्यंत ते खराब जागा कुरतडत बसलं. शेवटी ५०० जीबीपैकी ३८ एमबी सोडून सगळं उतरलं. ३८ एमबी! बाबांनी वहीत लिहून ठेवलाय तो आकडा.

त्यानंतर मी मूळ डिस्कची वायर काढली, डिस्क बाहेर काढून जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून आईच्या कपाटात ठेवली. पुढचं सगळं त्या उतरवलेल्या मोठ्या फाइलवर, म्हणजे इमेजवर, करायचं असतं, मूळ डिस्कला परत हात लावायची गरज नाही आणि लावूही नये. इमेजवर राईट क्लिक करून डिस्क इमेज माउंटरने उघडली तर नेहमीसारखा ड्राइव्ह म्हणून उघडते. बाबांच्या वहीप्रमाणे (ते शिक्षक आहेत, प्रत्येक रेकॉर्डिंगची तारीख आणि विषय त्यांनी वहीत लिहिलेला) ४३ रेकॉर्डिंग्ज होत्या, त्यातल्या ३१ नावासकट मिळाल्या आणि वाजल्या. १२ मिळेनात, कारण फोल्डरची यादी जिथे लिहिलेली असते तीच जागा त्या ३८ एमबीत गेली होती.

तिसरं, फोटोरेक

नाव फोटोरेक असलं तरी हे फोटोपुरतं नाही, ४८० च्या वर प्रकारच्या फाइल्स ओळखतं. ख्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या फ्रेंच माणसाचं आहे, टेस्टडिस्क नावाच्या त्याच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर येतं (टेस्टडिस्क उडालेली पार्टिशन परत आणायला वापरतात, मला गरज पडली नाही).

हे फोल्डरची यादी बघतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेली असते, जसं नोकियावर रेकॉर्ड झालेल्या एएमआर फाइलच्या अगदी सुरुवातीला इंग्रजीत एएमआर हीच अक्षरं लिहिलेली असतात, तसंच जेपीजीचं, वर्डच्या फाइलचं. फोटोरेक अख्खी इमेज वाचत जातं, अशी सुरुवात दिसली की तिथून फाइल उचलतं. म्हणून यादी नष्ट झाली तरी फाइल मिळते. आणि म्हणूनच नाव मिळत नाही, कारण नाव यादीत असतं. सगळ्या फाइल्स 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा अशा नावाने बाहेर येतात, एकाच ढिगात. फाइल डिस्कवर तुकड्यातुकड्यात पसरलेली असेल तर अर्धवटही येऊ शकते.

मी हे पुण्याला परत आल्यावर माझ्या लॅपटॉपवर, त्याच पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून केलं. पहिल्यांदा सगळे प्रकार टिक ठेवून चालवलं ती माझी चूक, ब्राउझरने साठवलेली बारकी बारकी चित्रं हजारोंनी बाहेर आली, त्यात काही शोधणं अशक्य. मग सगळे प्रकार अनटिक करून फक्त एएमआर आणि डॉक ठेवले. अजून एक, ते विचारतं की फक्त रिकाम्या जागेत शोधू की पूर्ण पार्टिशनमध्ये. तुम्ही चुकून डिलीट केलेली फाइल शोधत असाल तर रिकामी जागा पुरते, आमच्यासारखं यादीच खराब झाली असेल तर पूर्ण निवडा. स्क्रीन काळा, सगळं बाणाच्या बटणांनी, पहिल्यांदा भीती वाटते, क्यूफोटोरेक नावाचं त्याचं खिडकीवालं भावंडही आहे, ज्यांना हवं त्यांनी ते घ्या. चार साडेचार तास चाललं.

४२ एएमआर फाइल्स निघाल्या. त्यातल्या ३१ आधीच मिळालेल्या होत्या त्या साईझ जुळवून बाजूला केल्या, उरल्या ११. ११ फाइल्स, नाव नाही, तारीख नाही.

पुढच्या शनिवारी परत गावी गेले. बाबा वही घेऊन बसले, मी एकेक फाइल व्हीएलसीमध्ये लावायचे. आवाज सुरू झाला की बाबा डोळे मिटून घ्यायचे. पहिल्या फाइलला दहा सेकंदांत म्हणाले, ही आषाढातली, मागे पाऊस ऐक, पत्र्यावर पडतोय, तेव्हा अजून स्लॅब नव्हता टाकला. दुसरीत जात्याचा आवाज जड येत होता तर म्हणाले ही ज्वारी नाही, हरभरा भरडतेय, दिवाळीच्या आधीची. एकीत आजी मध्येच थांबून "बंद कर रे ते" म्हणते आणि हसते, त्याला त्यांना वहीत बघावंच लागलं नाही. स्वयंपाकघरातून आई बाहेर आली, पदराला हात पुसत उभीच राहिली. दीड तासात अकराच्या अकरा फाइल्सना नावं मिळाली. फोटोरेक नाव परत देत नाही हा मी त्याचा तोटा म्हणून लिहिणार होते, तो आहेच, पण तुमच्या घरात कुणाला ते आवाज ओळखू येत असतील तर त्या माणसाला शेजारी बसवून हे काम करा एवढं सांगेन.

टाईप केलेल्या ओव्यांचं वेगळंच झालं आणि हे कुठल्याही इंग्रजी व्हिडिओत तुम्हाला सापडणार नाही म्हणून मुद्दाम लिहिते. डॉक फाइल्स सगळ्या नीट मिळाल्या, पण उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, काहीच्या काही. मला वाटलं फाइल्स करप्ट झाल्या. तसं नव्हतं. जुनी श्रीलिपी, किंवा सी-डॅकचे योगेश, सुरेख वगैरे फॉन्ट, हे युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखीच वाचली जाणारी अक्षरांची पद्धत) नाहीत, त्यात 'क' च्या जागी खरं तर दुसरंच काहीतरी अक्षर साठवलेलं असतं आणि फक्त तो फॉन्ट असेल तरच ते मराठी दिसतं. बाबांच्या फाइल्स 'श्री-देव-०७१४' मध्ये होत्या आणि तो फॉन्ट माझ्या लॅपटॉपवर नव्हता. मग परत इमेज उघडली, विंडोज फोल्डरच्या आत फॉन्ट्स नावाचा फोल्डर असतो, त्यातून श्री ने सुरू होणारे सगळे फॉन्ट उचलले, लॅपटॉपवर इन्स्टॉल केले आणि पान उघडलं तर ओव्या जशाच्या तशा. तेव्हा घरातल्या कुणाचं जुनं मराठी टायपिंग असेल, शाळेचे दाखले, कीर्तनाची टिपणं, कुळाचा इतिहास, तर डॉक्युमेंट्सबरोबर फॉन्ट्सचा फोल्डर पण कॉपी करून घ्या. डिस्क फेकून दिल्यावर सहा महिन्यांनी फाइल उघडलीत तर करप्ट आहे म्हणून डिलीट कराल, आणि ती चांगली असेल. आता मी एकेक फाइल कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये करतेय, जोडाक्षरं आणि रफार मध्ये मध्ये चुकतात, ते बाबा हाताने दुरुस्त करतात.

आता हे कुठे चालणार नाही ते. डिस्क पडली असेल, चालू केल्याकेल्या पहिल्यापासूनच टक टक वाजत असेल किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) दिसतच नसेल तर यातलं काहीही करू नका, प्रत्येक वेळी चालू केल्यावर आतलं वाचणारं डोकं (हेड) तबकडीवर घासू शकतं. बंद करून ठेवा आणि क्लीनरूम (धूळ नसलेली खोली) असलेल्या लॅबकडे द्या, खर्च हजारांत जातो पण उपाय तोच. डिस्क घरी खोलू नका, आणि फ्रीजरमध्ये ठेवायचा जो सल्ला फिरतो तो पण नको, बाहेर काढली की आत दव धरतं. एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली नवी डिस्क, तिच्यावरून डिलीट झालेली फाइल फोटोरेकने मिळेल अशी आशा फार धरू नका, ट्रिम नावाच्या सोयीमुळे ती जागा खरोखर पुसली जाते. एसएसडी चालू आहे आणि नुसतं विंडोज गेलंय, तर मात्र मिंट पुरतं.

आणि नवीन लॅपटॉपवाल्यांनो, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. माझ्या वहिनीचा विंडोज ११ वाला लॅपटॉप अपडेटनंतर अडकला, मी मोठ्या आत्मविश्वासाने पेनड्राइव्ह लावला तर ड्राइव्हवर कुलूप. तिने ते कधी लावलंच नव्हतं, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच नवीन लॅपटॉपवर ते आपोआप चालू होतं. ४८ आकड्यांची रिकव्हरी की लागते, ती तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली, ती टाकल्यावर फाइल्स मिळाल्या. ते खातं तिच्या जुन्या ऑफिसच्या ईमेलवर असतं तर काहीच करता आलं नसतं. तुमची की कुठे आहे ते आज बघून कागदावर लिहून ठेवा, लॅपटॉप चालू आहे तोपर्यंत.

लॅपटॉपची डिस्क बाहेर काढून दुसऱ्या मशीनला लावायची असेल तर साटा टू यूएसबी केबल मिळते, लॅपटॉपच्या छोट्या डिस्कला ती पुरते. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेलीच घ्या, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही आणि मग लोक म्हणतात डिस्क मेली.

मार्क द्यायचे तर मिंटला ५ पैकी ५, कारण मी शिकले नाही तरी चालवू शकले. डीडीरेस्क्यूला ५, टाईप करायची भीती धरूनसुद्धा. फोटोरेकला ४, नावं देत नाही आणि तो काळा स्क्रीन बाबांना एकट्याने जमला नसता. खर्च एक्स्टर्नल डिस्कचा साडेचार हजार आणि एसटीचं तिकीट. पैसे देऊन मिळणारी सॉफ्टवेअर्स वाईट असतात असं मी म्हणत नाही, पण बरीचशी आधी फाइल्सची यादी दाखवतात आणि मग सेव्ह करायला पैसे मागतात, आणि जी फक्त विंडोजमध्ये चालतात ती विंडोजच चालू होत नसताना लावायची तर दुसरं मशीन लागतं.

आता आजीच्या ओव्या तीन ठिकाणी आहेत, गावी, माझ्याकडे आणि दादाकडे नाशिकला. ४३ पैकी ४२ मिळाल्या. एक मिळाली नाही ती नाहीच. आणि त्या अकरातली एक आहे ती मध्येच तुटते, सासरी निघालेल्या लेकीची ओवी आहे, तिसऱ्या ओळीवर आवाज जातो. त्याच्या पुढचं टाईपही केलेलं नव्हतं. बाबांनी मागच्या आठवड्यात कराडच्या आत्याला फोन लावला, आत्याला ऐंशी पूर्ण झाली, तिला दोन ओळी लगेच आठवल्या, उरलेल्या आठवल्या की सांगते म्हणाली. बाबा आता रोज संध्याकाळी सहाला तिला फोन करतात, आणि फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवतात.